तिसऱ्या माणसाची वाट

९ जानेवारी

धाकट्या,

तुझा पत्ता मिळवायला मला किती ठिकाणी फोन करावे लागले ते विचारू नकोस. शेवटी तुमच्या शीतगृहाचा मुकादम सापडला. म्हणाला, "आहे ना. कामाला चोख आहे, पण तोंडातून शब्द काढत नाही." मी म्हटलं, नक्की तोच का? आमच्याकडे होता तेव्हा झोपेतसुद्धा बडबडायचा.

तुरुंगाच्या दारातून बाहेर आलास, कपड्यांची पिशवी माझ्या हातात दिलीस आणि "ताई, घरी नको" म्हणून उलट्या दिशेने चालायला लागलास, त्याला आता दोन वर्षं होतील. मी रागावलेली नाही. म्हणजे, होते. आता नाही.

माझं बरं चाललंय. रस्त्यावर पट्टे मारणाऱ्या टोळीची मी आता प्रमुख झाले. काम तेच. भट्टीत रंग वितळवायचा, दोरी ताणायची, मशीन ढकलायचं आणि मागून येणाऱ्या गाडीवाल्यांच्या शिव्या खायच्या. फरक इतकाच की शिव्या खाऊन झाल्या की अहवालही आता मीच लिहिते.

गेल्या आठवड्यात ऑफिसात चहा-बिस्किटं झाली. देशभरात रस्त्यावर मरणाऱ्यांचा आकडा सलग दुसऱ्या वर्षी खाली आला म्हणून. आमच्या अभियंता साहेबांनी भिंतीवर मोठा तक्ता लावलाय, लाल रेघ उतरत जाते तो. कॅमेरे बसले, हेल्मेटची सक्ती झाली, दारू पिऊन चालवणाऱ्यांची रोज तपासणी होते. आणि चालकाला लागोपाठ दोन पाळ्या देणं आता गुन्हा आहे. कंपनीला दंड होतो, चालकाला नाही. ती ओळ साहेबांनी मोठ्याने वाचली. मी कपबशी खाली ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले.

कारखान्याच्या रात्रपाळीची माणसं घरी सोडून तू तशाच डोळ्यांनी सकाळच्या पाळीची आणायला निघाला होतास. धुकं होतं. हे तू न्यायाधीशांना सांगितलंच नाहीस. "मला दिसली नाही" एवढंच म्हणालास आणि मान खाली घातलीस.

आता खरं सांगते, हे पत्र का लिहिलं ते. सोमवारी ऑफिसात एक गृहस्थ आले होते. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं, चष्मे दुरुस्तही करतात. अर्ज घेऊन आले होते. पाण्याच्या टाकीच्या वळणावर रस्ता ओलांडायला सोय करा म्हणून. बस थांबा एका बाजूला, वस्ती दुसऱ्या बाजूला, मधून चौपदरी रस्ता.

ओळखलंस ना? त्या सकाळी तुझ्या गाडीखाली आली, तिचा नवरा.

त्यांनी मला ओळखलं नाही. निकालाच्या दिवशी मी शेवटच्या बाकावर होते आणि ते पहिल्या. मी अर्जावर शिक्का मारला आणि "बघतो आम्ही" म्हटलं.

तब्येतीला जप. तिथे आत फार गारठा असतो म्हणे.

तुझी ताई


६ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. माझी लिहायची हौस अजून फिटलेली नाही.

चष्मेवाले आता दर सोमवारी येतात. आधी शिपाई त्यांना बाहेर बसवून ठेवायचा. मग त्यांनी शिपायाच्या चष्म्याची निसटलेली दांडी तिथल्या तिथे बसवून दिली. आता शिपाई त्यांना खुर्ची देतो. मागच्या सोमवारी कारकुनाच्या चष्म्याचे स्क्रू घट्ट केले. साहेब म्हणाले, "हा माणूस असाच येत राहिला तर सबंध ऑफिसला स्पष्ट दिसायला लागेल, मग आपली काही धडगत नाही." सगळे हसले. मीही हसले.

अडचण नियमाची आहे. आकडा खाली आणायची देशभर जी योजना चालली आहे, तिचा पैसा अपघाती म्हणून ठरलेल्या ठिकाणांनाच मिळतो. आणि एखादं ठिकाण अपघाती ठरायला गेल्या काही वर्षांत तिथे निदान तीन माणसं गेलेली हवीत. टाकीच्या वळणावर दोन गेलीत. एक तिच्या आधीचा, मोटरसायकलवाला. आणि एक ती.

साहेबांनी हे त्यांना समजावून सांगितलं. साहेब वाईट नाहीत. त्यांच्याकडे असली शंभर वळणं आहेत, जिथे तीनच काय, सात-आठ गेलेत. चष्मेवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साधेपणाने विचारलं, "म्हणजे आपण तिसऱ्या माणसाची वाट बघतोय का?"

साहेबांनी अर्ज फाइलीत ठेवला. चष्मेवाले गेल्यावर मला म्हणाले, "विशेष बाब म्हणून दोनावरही करता येतं. पण जागेची पाहणी करून सविस्तर अहवाल द्यावा लागेल. तुम्ही जाऊन या." मी हो म्हटलं. पण सध्या मोठ्या पुलाचं काम अंगावर आहे, श्वास घ्यायला फुरसत नाही. ते संपलं की जाईन.

त्या दिवशी जिन्यात चष्मेवाले भेटले. मीच विचारलं, दमलात का. म्हणाले, "दमत नाही हो. घरी बसलो की मात्र एकच गोष्ट डोक्यात फिरते. रुग्णवाहिकेतला माणूस मला म्हणाला होता, तो चालक शेवटपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता म्हणून. ती काही बोलली असेल का? मला सारखं वाटतं, ती घाबरली असेल. अंधारी सकाळ, अनोळखी माणूस. ती घाबरलेली मी कधी पाहिलीच नाही, त्यामुळे मला कल्पनाही नीट करता येत नाही."

मग म्हणाले, "त्या पोराला शोधावंसं वाटतं. भांडायला नाही. एवढंच विचारायला."

मी त्यांच्या समोर उभी होते, धाकट्या. हातभर अंतरावर. मला म्हणायचं होतं, तो पोरगा माझा भाऊ आहे. मी म्हटलं, "जिना जपून उतरा, कठडा हलतोय."

तू त्यांना दोन ओळी लिहिशील का? सहीसुद्धा नको. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे.

ताई


१२ मार्च

धाकट्या,

पुन्हा उत्तर नाही. मुकादम म्हणतो, पत्रं तुझ्या हातात देतो, तू ती खिशात घालतोस. निदान परत पाठवत नाहीस, हेही नसे थोडके.

आज चष्मेवाले रस्त्यावरच आले. आम्ही टाकीच्या वळणापासून जवळच, पुढच्या चौकात काम करत होतो. भट्टी पेटलेली, रंग तयार, मशीन सुरू. म्हणाले, "ताई, तुमच्याकडे सगळं सामान आहे. चार पांढरे पट्टे मारायला असा किती वेळ लागेल? कुणाला सांगू नका. मी चहा आणतो सगळ्यांना."

पोरं माझ्याकडे बघायला लागली. त्यांनी मारलेही असते.

मी त्यांना सांगितलं की नुसते पट्टे असले की माणूस निर्धास्तपणे रस्त्यात उतरतो. पण गाडीवाल्याला ना दिवा दिसत, ना गतिरोधक लागत, तो थांबत नाही. अर्धवट सोय जास्त वाईट. यात खोटं काही नाही. आम्हाला शिकवलेलं आहे आणि मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना पटलं. म्हणाले, "मग पूर्ण सोय कधी?" मी म्हटलं, "माझा अहवाल गेला की."

"आणि अहवाल?"

"पुलाचं काम संपलं की लगेच."

"बरं," म्हणाले, आणि चहा आणलाच. त्यांचा तो साधा विश्वास बघून मी माझा चहा पोरांना दिला.

पुढच्या आठवड्यात नक्की जाते. अहवाल म्हणजे काय, फोटो काढायचे, मापं घ्यायची, दोन पानं लिहायची. पाऊण दिवसाचं काम.

तू लिही रे.

ताई


२७ मार्च

धाकट्या,

तिसरा माणूस गेला.

बेकरीत भट्टीवर काम करायचा. पहाटेचं काम आटपून सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. मालाच्या ट्रकने उडवलं. ट्रक थांबलाही नाही. नुकतंच मूल झालंय त्याला.

माझा अहवाल गेला नव्हता.

पुलाचं काम संपून महिना होत आला. तुला मागे लिहिलं ते खोटं होतं, चष्मेवाल्यांना सांगितलं तेही खोटं होतं. पुलाचं काम सहा फेब्रुवारीला चालू होतं हे खरं, पण तेव्हाही मला एक दिवस काढता आला असता. बारा मार्चला तर पुलाचं काहीच नव्हतं हातात. मी दोनदा निघाले होते. एकदा गाडी टाकीपाशी नेऊन उभीही केली. दार उघडलं नाही. मला त्या रस्त्यावर गुडघे टेकून टेप धरायची नव्हती. तू जिथे बसला होतास ती जागा माझ्या हाताने मोजायची नव्हती. आणि खाली माझं नाव, आडनाव लिहायचं नव्हतं. तेच आडनाव तुझ्या खटल्याच्या कागदांवर आहे. कुणीतरी ओळखलं असतं.

एवढ्यासाठी.

अहवाल गेला असता तरी मंजुरी वेळेत आली असती की नाही, कोण जाणे. साहेब म्हणतात, नसती आली. ते माझं मन राखतात. मंजुरी आली नसती तरी आम्ही पिंपं लावून एक पदर बंद केला असता, दिवे लावले असते, तेवढा अधिकार मला आहे. अहवालाच्या दुसऱ्याच दिवशी लावता आली असती ती पिंपं.

वळण आता यादीत बसलं. साहेबांनी सांगितलं तेव्हा खोलीत कुणी कुणाकडे बघितलं नाही.

ताई


२० एप्रिल

धाकट्या,

टाकीच्या वळणावर सोय झाली. इतक्या झटपट झाली की लाज वाटावी. रस्ता वर उचलून रुंद चौथरा केलाय, त्यावर पट्टे, दोन्ही बाजूंना दिवे, मध्ये थांबायला दुभाजक, अलीकडे वेग मोजणारा कॅमेरा. पट्टे मी स्वतः मारले. पोरांना मशीनला हात लावू दिला नाही. ओल्या रंगावर काचेची बारीक पूड टाकतात, अंधारात गाडीच्या दिव्याने चमकावं म्हणून. तीही मीच टाकली. गुडघ्यावर बसून. उन्हाने डांबर तापलं होतं.

चष्मेवाले बघायला आले नाहीत. दर सोमवारी येणारा माणूस, गेले चार सोमवार आला नाही. म्हणून मीच त्यांच्या दुकानात गेले.

छोटंसं दुकान. भिंतभर आरसे, काउंटरवर नरम कापड, बारीक हत्यारं. एका शाळकरी मुलीच्या नाकावर चष्मा बसवून बघत होते. ती गेल्यावर म्हणाले, "या ताई. झालं म्हणे काम."

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बसले असते तर बोलता आलं नसतं. तो चालक माझा सख्खा धाकटा भाऊ, हे सांगितलं. आणि अहवाल मी का दिला नाही तेही.

ते हातातली काच पुसत राहिले. मग म्हणाले, "इतके महिने मी तुमच्यासमोर बसून माझ्या बायकोबद्दल बोलत होतो."

"हो."

"आणि तुम्ही मला जिना जपून उतरायला सांगत होतात."

त्यांनी काच खाली ठेवली.

"भावाचं मला समजतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "कुणाचा ना कुणाचा तो भाऊ असणारच होता. ते मी कधीतरी पचवीन. पण तो बेकरीवाला? त्याला मी ओळखत होतो. त्याच्या बायकोचा चष्मा मी केलाय. मी तुम्हाला हात जोडले होते, बाई. ते मला जमणार नाही. तुम्ही जा आता."

आधी ताई म्हणायचे. जाताना बाई म्हणाले.

तुला आता लिही म्हणून सांगणार नाही. मी कुठल्या तोंडाने सांगू?

ताई


११ मे

धाकट्या,

तुझं पाकीट मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी दारातच पायरीवर बसले. आत माझ्यासाठी काहीच नव्हतं, नुसतं दुसरं बंद पाकीट, वर "चष्मेवाले यांना". एवढ्या पत्रांचं एका ओळीचंही उत्तर नाही. तू पूर्वीसारखाच आहेस. पण चालेल. चालेल रे.

उघडलं नाही. वाफेवर धरून उघडायचा मोह झाला होता, लहानपणी तुझ्या प्रगतिपुस्तकांची पाकिटं उघडायचे तसं. पण नाही उघडलं. त्यांच्या दुकानात गेले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय आहे?" मी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि म्हटलं, "त्याचं आहे. मी वाचलेलं नाही." आणि निघून आले.

त्यानंतर त्यांच्याकडून काही नाही. वाट बघत नाही असं लिहिणार होते, पण खोटं लिहायचं सोडलंय मी.

ताई


२९ मे

धाकट्या,

काल संध्याकाळी चष्मेवाले घरी आले. दार उघडलं तर समोर उभे, हातात तुझं पत्र. "बसू का?" म्हणाले. मी खुर्चीवरचे धुतलेले कपडे उचलून जागा केली. पाणी दिलं. प्यायले नाहीत.

म्हणाले, "तुम्ही वाचलं नाहीत म्हणालात. मी वाचून दाखवतो. त्याच्या बहिणीला माहीत असायला हवं." आणि चष्मा लावून वाचायला लागले. आम्हा दोघांनाही ठाऊक नसलेला तुझा आवाज त्यांच्या तोंडून ऐकला मी.

तू लिहिलं होतंस की ती घाबरली नव्हती. ती तुझ्यावर रागावली होती. "काय रे, एवढी कसली घाई? जरा बघून चालवता येत नाही का?" असं तुला म्हणाली. मग तू रडायला लागलास तेव्हा आणखी चिडली. "आता रडून काय होणार? जा, कुणाला तरी बोलाव," म्हणाली. आणि तू फोन करून परत आलास तेव्हा म्हणाली, "थंडी वाजतेय, तुझा कोट दे." तू कोट घातलास अंगावर. त्यानंतर ती बोलली नाही.

तू लिहिलंस की हे तू कुणालाच सांगितलं नाहीस, कारण ती तुला रागावली तेवढंच तुझ्या आयुष्यात कुणीतरी बरोबर केलं, असं तुला वाटतं. आणि गाडी चालवताना तुझा डोळा लागला होता, हेही लिहिलंस.

चष्मेवाले वाचायचे थांबले. मला वाटलं रडतील. ते हसले रे. तोंडावर हात धरून हसले, मग चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "तीच. अगदी तीच. मलासुद्धा 'आता बसून काय होणार' म्हणायची. कोट मागून घेतला, बघा! मी इतकी वर्षं तिला अंधारात घाबरून पडलेली बघत होतो, आणि ती तिथे त्याची हजेरी घेत होती."

बराच वेळ बसले. मग निरोप दिला, तो जसाच्या तसा लिहिते. "त्याला म्हणावं, तुझं पत्र मिळालं. माफ केलं असं मी म्हणणार नाही, कारण मला ते जमेल की नाही माहीत नाही. पण आता मला झोप लागते. आणि त्याने स्वतःच्या घरी जावं."

दारापर्यंत गेले. मला वाटलं, माझ्याबद्दल काहीतरी म्हणतील. चपला घालता घालता म्हणाले, "तुमचं मी अजून समजून घेतलेलं नाही." मी म्हटलं, "नका घेऊ." मग म्हणाले, "बेकरीवाल्याच्या बायकोला माहीत आहे का?"

मी नाही म्हटलं.

ते दार ओढून घेऊन गेले.

रात्रभर कूस बदलत राहिले आणि आज दुपारी तिच्याकडे गेले. बेकरीच्या मागे दोन खोल्या आहेत. तरुण आहे रे ती, आपल्या शेजाऱ्यांच्या धाकट्या मुलीएवढी. मूल कडेवर, गॅसवर दूध. तिला वाटलं, ऑफिसातून नुकसानभरपाईचं विचारायला आले. मी म्हटलं, तसं नाही, आणि सगळं सांगितलं. अहवाल काय होता, कधी द्यायचा होता, का दिला नाही. तुझ्याबद्दलही सांगितलं, पण ते कारण म्हणून नाही सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "तुम्ही गेला असतात तर ते वाचले असते?"

मी म्हटलं, "बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे हो, असं मला वाटतं."

ती म्हणाली, "मग हे मला का सांगितलंत? आता मी काय करू याचं?"

मी उभी राहिले. ती ओरडेल, हाकलून देईल, अंगावर काही फेकेल, सगळ्याची तयारी करून गेले होते. तेवढ्यात दूध उतू जायला लागलं. तिने पटकन मूल माझ्या हातात कोंबलं आणि गॅसकडे धावली. गॅस बंद केला, ओटा पुसला, पातेलं बाजूला ठेवलं. मग ओट्याला दोन्ही हात टेकून, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. वळेचना. मूल माझ्या ओढणीचं टोक तोंडात घालून चोखत होतं. मला कळेना, तिला हाक मारावी की नको. मी त्याला घेऊन तशीच उभी राहिले, तिने वळून हात पुढे करेपर्यंत.

तू ये. घर तेच आहे, तुला माहीत आहे.

तुझी ताई